अनुभव धागा : खरजेची, उवांची औषधं अंगावर उठली तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा वसतिगृहातून घरी आला तो बोटांच्या बेचक्या खाजवतच. दिवसा कमी, रात्री पांघरुणात शिरला की जास्त. त्वचेच्या डॉक्टरांनी मनगट आणि बेंबीभोवतालचे पुरळ बघून लगेच सांगितलं, खरूज आहे. ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम दिलं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं आणि "आठ दिवसांनी परत". सासूबाईंच्या कानावर ते "आठ दिवस" असं पडलं आणि मीही तेच धरलं.

पोराला मी ओळीनं सहा रात्री क्रीम लावलं. तिसऱ्या दिवशी त्याला पोटावर चुणचुणायला लागलं, सहाव्या दिवशी मांड्यांची कातडी लाल, कोरडी, फुटल्यासारखी झाली. आंघोळीचं पाणी लागलं तरी कळवळायचा. मला वाटलं खरूज वाढली, म्हणून आणखी दाबून लावलं. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

डॉक्टर म्हणाले, "किडे कधीच मेलेत हो. ही आग औषधाची आहे आणि खाज मेलेल्या किड्यांची." खरजेची खाज ही किडा चावल्याची नसते. तो कातडीत बोगदा करतो, तिथली त्याची अंडी आणि विष्ठा अंगाला सोसत नाही, त्याची ती ॲलर्जी. म्हणून पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागतात आणि किडे मेल्यावरही ती दोन ते चार आठवडे रेंगाळते. हे दोन वाक्यांत मला आधी कुणी सांगितलं असतं तर पोराचे ते दिवस वाचले असते.

म्हणून हा धागा. कोणतं औषध होतं, किती वेळ ठेवलं, अंगाला काय झालं आणि कशानं थांबलं, ते लिहा. कुणाला किती डोस द्यायचा हे मात्र इथे विचारू नका. तान्हं बाळ, गरोदरपण किंवा फिट्सचा त्रास असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.
(जास्वंद)

तळ्याकाठी

आमच्या वसतिगृहात, नव्वदच्या दशकात, खरूज आली की रेक्टर सगळ्यांना व्हरांड्यात ओळीनं उभं करायचे. बादलीत दुधासारखं पांढरं बेंझिल बेंझोएट आणि भिंत रंगवायचा ब्रश. ते औषध २५ टक्क्यांचं असतं आणि लहान मुलांसाठी पाणी घालून पातळ करतात, हे मला पस्तिशीत कळलं. आम्ही दहा-बारा वर्षांचे. जिथे खाजवून सोललेलं असायचं तिथे मिरची लावल्यासारखी आग. जांघेत तर विचारू नका. सगळे पंख्याखाली पाय फाकून उभे, कुणी रडतंय, कुणी ओरडतंय. तीन दिवस असंच.

आग तासाभरात जायची. माझा खरा त्रास पुढचा. जांघेत आणि लिंगावर वाटाण्याएवढ्या तांबूस गाठी राहिल्या, खाजणाऱ्या. लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही. सुट्टीत गावी गेलो की दुकानातून औषध आणून चोरून लावायचो, असं वर्षभर. जागा काळी पडली, कातडी चामड्यासारखी झाली. शेवटी वडील शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितलं की या गाठी खरूज बरी झाल्यावरही कित्येक महिने राहतात, त्यात जिवंत किडा नसतो आणि वरून औषध ओतून त्या जात नाहीत. बाकीची सगळी औषधं बंद करून त्यांनी एकच मलम दिलं, गाठी दोन महिन्यांत बसल्या. पोरं हे आईबापांना सांगत नाहीत. जास्वंद, तुमच्या मुलाला एकदा हळूच विचारा.

जास्वंद

विचारलं. आहेत. तुमचे उपकार.

दुकानातून

मी तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात अठरा वर्षं आहे. आजही लोक येऊन "गॅमाची बाटली द्या" म्हणतात, जशी डोकेदुखीची गोळी मागावी. गॅमा म्हणजे १ टक्का गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड, त्याचंच दुसरं नाव लिंडेन. शेतीत कीटकनाशक म्हणून वापरायचे, तेच. कातडीतून रक्तात आणि तिथून मेंदूपर्यंत जातं, जास्त गेलं तर फिट येते. अमेरिकेत २००३ साली या औषधावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. कॅलिफोर्नियानं तर त्याआधीच, २००२ पासून, औषध म्हणूनही बंदी घातली. २००९ मध्ये लवकर न विरणाऱ्या विषारी रसायनांवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत लिंडेन गेलं, खरूज आणि उवांपुरती सवलत ठेवून.

गिऱ्हाईक हमखास करतं ती चूक सांगते. कडकडीत पाण्यानं आंघोळ करायची, अंग घासून लाल करायचं आणि त्या गरम, ओल्या अंगावर गॅमा चोळायचं. "भोकं उघडतात, औषध आत जातं" म्हणतात. आत जातं हे खरंच आहे, तेच तर नको आहे! अंग कोरडं आणि थंड हवं. फिट्सचा रुग्ण, तान्हं बाळ, हडकुळं पोर, अंगभर ओरखडे असलेला माणूस, यांना तर हे नकोच. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावरून भांडणंही झाली. परमेथ्रिन महाग पडतं हे मला कळतं. पाच माणसांच्या घराला पाच ट्यूबा, मग आठ दिवसांनी परत पाच. रोजंदारीवरचा माणूस गॅमा का मागतो हे काउंटरच्या या बाजूनंही दिसतं.

सातूचं पीठ

वरचं वाचून हात थरथरले म्हणून लिहिते. माझ्या भाचीला, ती तीन वर्षांची असताना, रात्री दिवे गेलेले असताना खोकल्याच्या औषधाऐवजी खरजेचं औषध चमचाभर पाजलं गेलं. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, एकाच आकाराच्या. तिनं तोंड वाकडं केलं, बहिणीला वाटलं कडू लागलं. अर्ध्या तासात उलटी झाली, मग डोळे फिरले आणि फिट आली. दवाखान्यात नेताना मेव्हण्यांना बाटली सोबत घ्यायचं सुचलं, त्यामुळे डॉक्टरांना पोटात काय गेलंय ते लगेच कळलं. दोन दिवसांनी भाची उठून बसली. आता बारावीत आहे. अंगाला लावायचं औषध आमच्या कुणाच्याच घरात पोटात घ्यायच्या औषधाशेजारी राहत नाही.

माघी

मुलीचे केस कमरेपर्यंत, शाळेतून उवा आल्या. डॉक्टरांनी १ टक्का परमेथ्रिनचं लोशन दिलं: केस धुवायचे, टॉवेलनं टिपायचे, लोशन लावायचं, दहा मिनिटांनी धुवून टाकायचं. मी दहा मिनिटांवर विश्वास ठेवला नाही. रात्रभर ठेवलं, वरून प्लास्टिकची पिशवी आणि ओढणी बांधली. सकाळी डोक्याची कातडी लालबुंद, कानामागे फोड, मानेच्या गाठी सुजलेल्या. डॉक्टर म्हणाले की गाठी बहुतेक आधी खाजवून झालेल्या जखमा पिकल्यामुळे असतील, पण बाकीचा सगळा प्रताप त्या रात्रीचा. अँटिबायोटिक घ्यावं लागलं, पंधरा दिवस वेणी घालता आली नाही.

लिखा औषधानं सगळ्या मरत नाहीत. म्हणून आठ-नऊ दिवसांनी दुसऱ्यांदा लावायचं, तोवर उरलेल्या लिखा फुटून उवा बाहेर आलेल्या असतात पण त्यांनी अजून नवी अंडी घातलेली नसतात. हे कळल्यावर माझी घाई संपली. मधले दिवस रोज बारीक दाताची फणी, गॅलरीत, पांढऱ्या कागदावर.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. आईनं सीताफळाच्या बिया वाटून लावायला सांगितलं होतं. आमच्याच वाडीतल्या एका बाईंच्या डोळ्यात तो लेप ओघळला, बुबुळावर जखम झाली, कित्येक दिवस डोळा उघडेना. झाडाचं आहे म्हणून सौम्य असेल असं समजू नका.

हडसनकाठी

आम्ही न्यू जर्सीत. लेकीच्या वर्गात उवांची साथ होती आणि दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं दोनदा लावूनही उवा तशाच. डॉक्टरांनी मॅलॅथिऑनचं लोशन दिलं. ते आठ ते बारा तास केसांत ठेवायचं. त्यात मुख्यतः स्पिरिटच असतं, त्यामुळे ओरखड्यांवर भयंकर झोंबतं आणि ते पेट घेऊ शकतं. केस वाळवायचं यंत्र नाही, शेगडीजवळ जायचं नाही. मी सवयीनं संध्याकाळी देवापाशी दिवा लावत होते आणि लेक नेहमीसारखी मांडीवर येऊन टेकली. तिचे केस अजून ओले होते. नवरा ओरडला तेव्हा लक्षात आलं. त्या रात्री दिवा लावला नाही.

पारिजात

पाचव्या महिन्यात खरूज. डॉक्टरीणबाईंनी गंधकाचं मलम दिलं, तीन रात्री ओळीनं लावायचं. पोटातल्या बाळाला धोका नाही याचं समाधान होतं, पण वास! आधीच मळमळ, त्यात फटाके फुटून गेल्यावर येतो तसला वास अंगाला, उशीला, भिंतीलाही. कातडी कोरडी पडून पोटावर ताणली जायची. चादरी पिवळ्या झाल्या त्या झाल्याच. आणि पायातली चांदीची जोडवी काळीठिक्कर! सासूबाई घाबरल्या, अपशकुन म्हणाल्या. गंधकानं चांदी काळी पडते हे सराफानं सांगितल्यावर घर शांत झालं. बाळ सुखरूप झालं.

एक वाचक

खरूज आहे हे न कळता तीन-चार औषधं मिसळलेली, क्लोबेटासॉल हे जोरदार स्टेरॉइड असलेली ट्यूब दुकानातून आणून चार महिने लावली. खाज थांबायची, ट्यूब संपली की दुपटीनं यायची. त्या स्टेरॉइडमुळे पुरळ दबला, डॉक्टरांनाही पहिल्यांदा ओळखू आला नाही. खरूज दोन आठवड्यांत गेली. मांड्यांवरचे पांढरे चरे कायमचे राहिले.

थोरला

वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. हातापायांवर जाड, पिवळट खपल्या आल्या होत्या, खाज जवळजवळ नाहीच. आम्ही कोरडेपणा समजून खोबरेल लावत राहिलो. निघाली खपल्यांची खरूज. साध्या खरजेत सगळ्या अंगावर दहा-पंधरा किडे असतात, यात हजारो, कधी लाखो. परमेथ्रिन, खपल्या सुटायला सॅलिसिलिक ॲसिडचं मलम आणि आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, वजनाच्या हिशेबानं, ठरवून दिलेल्या तारखांना पुन्हा पुन्हा.

गोळीच्या पहिल्या दोन रात्री त्यांना गरगरलं, जेवण नको झालं आणि इतके दिवस नसलेली खाज उसळली. ही खाज दोन-चार दिवस वाढू शकते हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही धीर धरला. तिसऱ्या दिवशी उतरली. खपल्या सुटल्या तिथे मलम लागून आग व्हायची, तेवढ्यापुरतं ते पातळ लावायला सांगितलं.

घरातल्या पाचही जणांनी एकाच रात्री क्रीम लावलं. चादरी गरम पाण्यात, गाद्या उन्हात, न धुता येणाऱ्या गोष्टी पिशवीत बांधून बाजूला. सगळं चोख केलं असं वाटत होतं. वडिलांना रोज आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी आमच्या हिशेबात नव्हत्या. महिन्याभरानं त्या बाह्या खाली ओढून काम करत होत्या, तेव्हा पत्नीनं विचारलं. त्यांना, त्यांच्या दोन्ही मुलांना आणि शेजारच्या खोलीतल्या जावेलाही लागलं होतं. दुकानातून गॅमा आणून रोज लावत होत्या, धाकट्याच्या सगळ्या अंगावर पुरळ उठून तो तापानं फणफणला होता. काम जाईल म्हणून बोलल्या नव्हत्या.

त्याच संध्याकाळी त्या पोराला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. मग सहा ट्यूबा घेतल्या आणि पत्नीनं मावशींच्या खोलीवर जाऊन कशा लावायच्या ते स्वतः लावून दाखवलं. आठ दिवसांनी परत सहा.