मदत हवी आहे: सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते

मंडळी, गाडी १७ वर्षं जुनी, पेट्रोल, चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर). सकाळी पहिल्या चावीला चालू होते आणि पाच-सात मिनिटं काही तक्रार नाही. इंजिन तापलं की मात्र स्लोला (रेस न देता नुसती चालू असताना) थरथरायला लागते. आरपीएमचा काटा ८०० वर असायचा, तो आता ५५० ते ९०० मध्ये झोके घेतो. कधी कधी बंदच पडते. १५०० च्या पुढे गेली की एकदम लोण्यासारखी. पिकअप ठीक, चेक इंजिनचा दिवा नाही.

चारही प्लग बदलले, एअर फिल्टर नवीन, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली. साफसफाईनंतर दोन दिवस बरी वाटली (की मलाच तसं वाटून घ्यायचं होतं, देव जाणे), मग ये रे माझ्या मागल्या. आता मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर बदलू, नाहीतर इंजिन उघडू. त्याआधी काय तपासावं?

हो, आणखी एक, महत्त्वाचं नसेलही: ब्रेक दाबून उभा असलो की थरथर वाढते, हँडब्रेकवर कमी असते.

प्रतिसाद १
इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ते) बघा. रबर बसलं की सगळी गाडी हलते.

प्रतिसाद २
फाउंडेशनने गाडी हलेल, काटा कशाला झोके घेईल? आणि इंजिन उघडायचं नाव इतक्यात नको.

कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय असं वाटतं. स्लोला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात. इंजिन घेतं त्या थोड्याशा हवेत गळतीचा वाटा मोठा होतो आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. रेस दिली की तीच गळती एवढ्या हवेत दिसेनाशी होते. थंड इंजिनला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुळात जास्त पेट्रोल देतो, म्हणून सकाळी झाकलं जातं.

स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा) बघा, एकदा स्लोला, एकदा २५०० ला. दिवा लागला नाही म्हणजे सगळं आलबेल असं नाही. ट्रिम ठरलेली मर्यादा ओलांडेपर्यंत तो लागत नाही.

धागाकर्ता
गाडीत एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे. ट्रिम स्लोला अधिक १९ टक्के, २५०० ला अधिक ३.

प्रतिसाद २
मग इंजेक्टरचे पैसे वाचले. चोंदलेला इंजेक्टर असता तर रेस दिल्यावरही आकडा खाली आला नसता.

तुम्ही शेवटी ब्रेक दाबल्यावर थरथर वाढते असं सहज म्हणून लिहिलंत ना, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मॅनिफोल्डवरून ब्रेक बूस्टरला (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा) जाणारा जाड पाइप शोधा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. पाइप मॅनिफोल्डकडून काढून तिथलं तोंड घट्ट बंद करा आणि इंजिन चालू करा. काटा स्थिरावला तर दोष पाइपात, वॉल्व्हमध्ये किंवा बूस्टरमध्ये. या अवस्थेत गाडी एक फूटही हलवू नका, ब्रेक नीट लागणार नाही.

पाइप परत जोडल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाचदा मारा. मग पाय दाबून धरून चावी द्या. बूस्टर चांगला असेल तर पेडल थोडं खाली जातं.

धागाकर्ता
तोंड बंद केल्यावर काटा ८०० वर खिळला! पाइप धड आहे. पेडल मात्र चावी दिल्यावर जागचं हललं नाही, आणि दाबून धरलं की पायाशी सूं असा आवाज येतो. गेले काही महिने ब्रेक जड लागत होता. मला वाटलं पायच म्हातारा झाला.

प्रतिसाद २
बूस्टरचा पडदा फाटलाय. थरथर राहू दे बाजूला, आधी ब्रेकचं बघा. गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

धागाकर्ता
बूस्टर बदलला. ट्रिम स्लोला अधिक २. एसी लावल्यावर किंचित थरथर आहे अजून, त्यासाठी फाउंडेशन उघडतोय. प्रतिसाद १ वाले, तुमचंही अगदीच चुकलं नव्हतं म्हणायचं.