ग्रह आणि लघुग्रह आतून पोकळ असतील का?

तापीकाठ, चोपडा
माझं मत : असू शकतात. आमच्या भागात बोअर मारताना खाली काय लागेल हे मशीनवालाही छातीठोक सांगत नाही. रशियात कोलाला माणसाने सगळ्यात खोल भोक पाडलं, तेही १२,२६२ मीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर! आत कोण जाऊन आलं? हॅलीने (तोच, धूमकेतूवाला) १६९२ मध्ये पृथ्वीत कवचाखाली कवच मांडलंच होतं. शिवाय १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या यानाचा भाग मुद्दाम चंद्रावर आपटला, तर चंद्र जवळजवळ तासभर थरथरत होता. भरीव धोंडा असा थरथरतो?

भुसावळचा मास्तर
आप्पा, आत जायचं कशाला? वजन काढा. इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये काढलं : पृथ्वी पाण्याच्या साधारण साडेपाचपट जड. अजिंठ्याच्या डोंगरातला काळा पाषाण जेमतेम तिप्पट भरतो. वरचा दगड हलका आणि सरासरी जड, म्हणजे आत वरच्याहून जड माल आहे. चंद्राचे वरचे थर भेगाळलेले आणि कोरडेठाक, म्हणून तिथे कंप लवकर विझत नाहीत. आणि हॅलीला भूकंपलहरी कुठे माहीत होत्या? त्यांच्यावरूनच इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये आतला गाभा ओळखला.

तापीकाठ, चोपडा
लहरींचा अर्थ शेवटी माणूसच लावतो ना?

रावेरकर
मग लहरी सोडा. गोळा फिरवायला किती जड जातो, त्याचा एक आकडा असतो. पातळ पोकळ कवचाला ०.६७, सगळीकडे सारख्या भरीव गोळ्याला ०.४. पृथ्वीचा ०.३३, म्हणजे भरीव गोळ्याहूनही कमी; जड माल मध्याशीच आहे. विषय संपला.

पण मास्तर, लघुग्रह तुम्ही सोयीने गाळले. बेन्नूचं जवळजवळ निम्मं आकारमान रिकामं आहे. २०२० मध्ये नमुना घ्यायला गेलेल्या ओसायरिस-रेक्स यानाचा हात त्यात सुमारे अर्धा मीटर रुतला. मंगळाचा चंद्र फोबोस तर पोकळ, कदाचित कृत्रिमही असेल, असं श्क्लोव्स्कींसारखा खगोलशास्त्रज्ञ म्हणत होता. मार्स एक्स्प्रेस यानाच्या मोजणीत त्याच्यातही पाव ते एक तृतीयांश रिकामी जागा निघाली.

तापीकाठ, चोपडा
निम्मं रिकामं म्हंजे पोकळच शे ना भो!

भुसावळचा मास्तर
नाही हो. खडीच्या ढिगात फटी असतात, खोली नसते. बेन्नू तसा ढीग आहे. ग्रहाएवढ्या गोळ्याच्या पोटात तर दाबाने त्या फटीही चेपतात.

रावेरकर
ग्रहांपुरतं मान्य. पण फोबोसच्या आत एकच मोठी पोकळी नाही, हे अजून तिथे उतरून कोणी तपासलेलं नाही.