कुपनाचा सराव गल्ल्यावरच घ्या
इंदूरमधल्या मालवा मिलच्या भाजीबाजारात रेशनकार्डवाल्यांसाठी ‘जेवढ्याची भाजी, तेवढंच कुपन’ (जेवढ्याची भाजी घेतली, तेवढ्याच रकमेचं आणखी भाजीसाठी कुपन) सुरू करायचं तर गल्ल्यावरची माणसं कशी तयार करायची, असा प्रश्न आहे. अमेरिकेत ‘डबल अप फूड बक्स’ याच धर्तीवर २००९ मध्ये डेट्रॉइटच्या बाजारांत सुरू झालं.

भाषणं नकोत, भरलेल्या टोपल्या देऊन हिशेब करवून घ्या. ६० रुपयांची पालक-दुधी आणि ४० ची शेव असेल तर कुपन ६० चंच, शेवेचं बिल वेगळं. एक परतीचा मालही सरावात ठेवा. भाजी परत आली की कुपनही परत घ्यायचं, हे हमखास विसरतात.

कुपन म्हणून द्यायचं टोकन दहाचंच असावं. ४७ च्या भाजीला गिऱ्हाइकानं चार टोकनं आणि सात रुपये रोख द्यायचे. टोकनावर सुटे पैसे द्यायचे नाहीत, नाहीतर कुपनाची रोकड होते आणि भाजी राहते बाजूला.

ठेलेवाल्यांशी टोकनांचा चुकारा रोज संध्याकाळी, मोजून, दोघांच्या सह्यांनी. तो रखडला की ते टोकन नाकारतात आणि चारचौघांत खाली मान घालावी लागते ती बिचाऱ्या गिऱ्हाइकाला. ‘कार्डवाले इकडे या’ अशी हाक तर कोणीच मारू नये, हे पहिल्याच दिवशी बजावा. गल्ल्यावर हिंदीत एकपानी सूचना चिकटवा. नोकर सारखे बदलतात.