मदत हवी आहे: गाडीतलं सामान, इन्सुलिन आणि सारखा उडणारा फ्यूज

गोडोलीकर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दिवाळीत सेकंडहँड हॅचबॅक आली. २०२२ चं मॉडेल, पेट्रोल. घर साताऱ्यात. सासऱ्यांना दर महिन्याला मिरजेला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, म्हणजे कराड, पेठ नाका, सांगली असं करत एका बाजूला सव्वाशेच्या वर किलोमीटर होतात. गाडी मी चालवते, आप्पा शेजारी बसतात, आई मागे. नवरा ऑफिसातून फोनवर सूचना देतो.

इंजिन, टायर, ब्रेक याबद्दल काही विचारायचं नाही, ते आमच्या मेस्त्रींनी बघून दिलंय. प्रश्न आतल्या कप्प्यांचा आणि सोयींचा आहे. गाडीवाल्यांनी खण, हुक, खाचा इतक्या दिल्यात आणि आई त्यातली एकही रिकामी ठेवत नाहीत. मॅन्युअल जुन्या मालकाकडून मिळालं नाही.

पहिलं म्हणजे ग्लव्हबॉक्स. आत एक छोटी गोल चकती आहे, ती फिरवली की एसीची गार हवा आत येते. आईंचं म्हणणं, गाडीत एवढा फ्रिज दिलाय तर आप्पांचं इन्सुलिन त्यातच ठेवायचं. चालू पेन एक आणि एक नवीन, न उघडलेलं. पण मिरजेत आमचा नंबर लागेपर्यंत गाडी दोन-अडीच तास उन्हात उभी असते. ठेवावं का?

दुसरं, गिअरच्या पुढचं बारा व्होल्टचं सॉकेट. त्याला थ्री-वे लावलाय. त्यावर माझा मोबाइल, आईंचा छोटा पंखा आणि लागला तर टायरमध्ये हवा भरायचा पंप. पंप लावला की सॉकेट बंद पडायचं. ॲक्सेसरीजच्या एका दुकानात दाखवलं तर त्याने फ्यूज बदलला आणि म्हणाला, "मोठा टाकलाय, आता परत उडणार नाय." पैसेही घेतले नाहीत, त्यामुळे जास्तच शंका आली.

तिसरं, डिकीवरचा काळा पार्सल ट्रे. आई त्यावर संसार मांडतात: रिपोर्टच्या फायली, छत्री, स्टीलचा डबा, येताना सांगलीतून घेतलेली भडंगाची पाकिटं. मागच्या खेपेला पेठ नाक्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली अचानक आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि डबा ट्रेवरून सुटून आईंच्या कानाजवळून पुढे आला, गिअरवर आपटला. झाकण उघडलं, थालीपिठाचे तुकडे माझ्या मांडीवर आणि दही हँडब्रेकच्या फटीत. ते दही इअरबडने काढलं तरी ऊन तापलं की वास येतो. आई म्हणाल्या, "झाकण सैल झालंय त्याचं." आप्पांचा घडीचा वॉकर आईंच्या शेजारी मागच्या सीटवर उभा असतो आणि काठी पुढच्या सीटखाली. हेही कुठे ठेवावं ते सांगा.

शेवटचं जरा नाजूक. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला पितळी गणपती आहे, बरोब्बर जिथे 'एअरबॅग' ही अक्षरं कोरलीत तिथे. जपून उत्तरं द्या, हा धागा आई वाचणार आहेत.

वायरमन_कराड

ताई, बाकीचं राहू द्या, आधी तो फ्यूज बघा. फ्यूज उडत होता म्हणजे तो त्याचं काम करत होता. मागची वायर ठराविक करंटच्या हिशेबाने ओढलेली असते. फ्यूज मोठा टाकला की पुढच्या वेळी फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापते. ती वायर डॅशबोर्डच्या पोटातून, कार्पेटच्या कडेने गेलेली असते. जळका वास येईस्तोवर काय बी कळत न्हाय.

सॉकेटच्या झाकणावर बहुतेक १२ व्होल्ट, १२० वॉट असं छापलेलं असेल. १२० भागिले १२, म्हणजे १० अँपिअर. हवेचा पंप एकटाच तेवढं किंवा त्याहून जास्त ओढतो, सुरू होतानाचा झटका वेगळाच. त्यावर तुम्ही थ्री-वे लावून पंखा आणि मोबाइल दिलाय. तोंडं तीन झाली म्हणून मागची वायर तिप्पट जाड होत नाही.

फ्यूजबॉक्स बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतो. दुसरा बॉनेटखाली. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, त्यात सॉकेट किंवा ॲक्सेसरी शोधा. रंगावरून पटकन कळतं: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. नकाशात जो आकडा तोच फ्यूज, ना वर ना खाली. गाडी बंद, चावी बाहेर, आणि बॉक्समध्ये प्लास्टिकचा बारका चिमटा असतो त्याने ओढा. पक्कड घालू नका.

पंपावर किती वॉट लिहिलंय बघा. १२० च्या आत असेल तर थ्री-वे काढून थेट सॉकेटला लावा, बाकी सगळं बंद. जास्त असेल तर तो पंप या सॉकेटचा न्हवंच. बॅटरीला चिमटे लावायचे पंप मिळतात, तसला घ्या. हवा भरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. पण शेडचं शटर लावून इंजिन चालवायचं नाही, धूर आत कोंडतो आणि तो जिवावर बेततो.

आणि सॉकेट वापरात नसताना त्याचं टोपण लावून ठेवा. वर सुट्टे पैसे ठेवायची खाच असते, एखादं नाणं आत गेलं की शॉर्ट. टोलच्या सुट्ट्या पैशांच्या जमान्यात असल्या गाड्या लई यायच्या, फास्टॅगमुळे ते गिऱ्हाईक कमी झालं.

उगाच_एक

"पैसेही घेतले नाहीत, त्यामुळे जास्तच शंका आली." अस्सल सातारी वाक्य. बाकी मला कशातलं काही कळत नाही, वाचतोय.

औषधांचं_दुकान

इन्सुलिन ग्लव्हबॉक्समध्ये ठेवू नका. त्यात हवा गार येते ती फक्त एसी चालू असेपर्यंत. किती गार, हे ठरवायची काही सोय त्यात नसते. पाण्याची बाटली किंवा चॉकलेट ठेवायला ठीक. गाडी बंद करून तुम्ही दवाखान्यात गेलात की तोच खण बंद गाडीइतका तापणार. बाहेर चाळीस असेल तर तासाभरात आत साठीच्या घरात जातं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे घरच्या फ्रिजमध्ये. एका दिवसाच्या फेरीला नवीन पेन सोबत न्यायची खरंच गरज आहे का, ते आधी डॉक्टरांना विचारा. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत. प्रकाराप्रमाणे दिवस आणि तापमान दोन्ही बदलतं, त्यामुळे खोक्यातला घडीचा कागद वाचा. आमच्याकडे तो कागद लोक दुकानातच टाकून जातात.

इन्सुलिनचे पाऊच मिळतात, पाण्यात भिजवून वापरायचे. तो घ्या आणि तो आप्पांच्या किंवा आईंच्या पर्समध्ये असू द्या. माणूस उतरला की औषध उतरलं पाहिजे. बर्फाची पिशवी वापरणार असाल तर पेन तिला थेट चिकटवून ठेवू नका. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण ते वापरायचं नाही, फेकायचं.

एक जाता जाता. त्या ग्लव्हबॉक्समध्ये गोळ्यांच्या पट्ट्या असतील तर त्याही काढा. दमट गारव्याने आणि नंतरच्या उकाड्याने त्यांचंही भलं होत नाही. थंडीत महाबळेश्वरला हीटर लावून जाणार असाल तर ती चकती बंद ठेवा, काही गाड्यांत तिथून गरम हवा येते.

तासगावचा_बेदाणा

डब्याचं झाकण घट्ट असतं तर आईंच्या डोक्याला जास्त लागलं असतं, एवढंच सांगतो.

हिशेब करून बघा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी कशावर तरी आदळून दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या सुट्या वस्तूला थांबवायला तिच्या वजनाच्या चौदा पट जोर लागतो. दोन किलोचा भरलेला डबा म्हणजे २८ किलो, सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त. तुम्ही नुसता ब्रेक मारला होता, तेव्हा तो गिअरपर्यंत आला. हॅचबॅकचा ट्रे दोन दोऱ्यांवर आणि प्लास्टिकच्या खुंट्यांवर टेकलेला असतो. डिकीतलं सामान लोकांच्या नजरेआड राहावं एवढ्यासाठी तो आहे, वजनासाठी नाही. त्यावर छत्रीसुद्धा नको. मागचं काचेतून दिसणं कमी होतं ते वेगळंच.

सगळं डिकीत, खाली. जड वस्तू मागच्या सीटच्या पाठीला टेकून, हलक्या त्यांच्या मागे-वर. वॉकर घडी करून डिकीत आडवा टाका, नाही बसला तर मागच्या सीटचा एक भाग पाडून घाला. पाठ परत उभी केली की 'खट्' आवाज आलाच पाहिजे. काही गाड्यांत लॉक नीट बसलं नसेल तर लाल खूण दिसते. वॉकर मागच्या सीटवरच ठेवावा लागला तर सीटबेल्टमध्ये अडकवा. आणि ज्या दिवशी मागे कोणीच बसलेलं नाही पण डिकी भरलेली आहे, त्या दिवशी मागचे बेल्ट लावूनच ठेवा, सीटच्या पाठीला तेवढाच आधार. आई मागे असतील तेव्हा त्यांचा बेल्ट, हे सांगायला नको.

काठी सीटखालून तर आधी बाहेर काढा. ती आणि पाण्याची बाटली, दोन्ही गोल. उतारावर घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली आली की पाय कितीही दाबा, पेडल खाली जात नाही. कोल्हापूरच्या दिशेने तुमचा रस्ता तसा सरळ आहे, पण यवतेश्वर घाटातून कासला जाल तेव्हा पहिल्याच वळणावर कळेल. बाटली दाराच्या खणात, काठी वॉकरबरोबर डिकीत. एकावर एक दोन मॅट टाकल्या असतील तर वरची काढा, तीही पेडलपर्यंत सरकते.

आमच्याकडे ऊन असं असतं की एप्रिलमध्ये पार्किंगला पॉवर बँक, डिओ, लायटर, सॅनिटायझर यातलं काहीही गाडीत ठेवत नाही. डिओच्या डब्यावर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं छापलेलंच असतं.

सतारमेळ_मिरज

काकू वाचणार आहेत असं कळलं, म्हणून त्यांच्यासाठीच लिहितो.

काकू, नमस्कार. डाव्या बाजूची एअरबॅग नवीन गाड्यांना २०२१ पासून सक्तीची झाली, जुन्या मॉडेलनाही त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरनंतर सूट राहिली नाही. म्हणजे तुमच्या गाडीत ती आहेच, आणि गणपती तिच्या झाकणावर बसलाय. ती पापणी लवायच्या आत फुगते आणि झाकण फाडून बाहेर येते. तेव्हा पितळी मूर्ती चिकटपट्टीवर थांबत नाही, सरळ समोर जाते. समोर आप्पा बसलेले असतात. आमच्या मातोश्रींना मी एवढंच सांगितलं, पुढे त्यांनीच मूर्ती काढून देव्हाऱ्यात नेली. आता मीटरच्या बाजूला एक पातळ स्टिकर आहे, उदबत्ती त्यालाच दाखवतात. आरशाला मात्र काही लोंबकळत ठेवू नका, समोरचं दिसत नाही.

त्याच जागेवर मोबाइलचा स्टँड, सुगंधी बाटली, टिश्यूचा डबा हेही नको.

गोडोलीकर, मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मॉडेल आणि वर्ष टाकलं की फुकट उतरवता येतं. आणि ग्लव्हबॉक्समध्ये आरसी, विमा वगैरे मूळ कागद असतील तर ते घरी ठेवा. डिजीलॉकर किंवा एमपरिवाहनमधली प्रत चालते.

गोडोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईंनी धागा वाचला. गणपतीचं पटलं. डब्याचं पूर्ण पटलेलं नाही, पण डबा डिकीत जायला तयार झालाय, भडंग मात्र मांडीवर राहणार. भडंग चौदा पट झालं तरी काय होतंय, असा त्यांचा प्रश्न आहे.

औषधांचं_दुकान, डॉक्टरांना फोन केला. नवीन पेन न्यायची गरज नाही म्हणाले. पाऊच मागवलाय.

वायरमनदादा, सांगितलं तसं झाकण उघडून बघितलं. नकाशात सॉकेटला १५ लिहिलंय. आत बसवलेला फ्यूज पिवळा आहे. शेजारच्या दोन जागांत निळे आहेत. पंपावर १५० वॉट छापलंय. आता फ्यूज तेवढा बदलला की झालं, की वायरही तपासून घ्यायची?

वायरमन_कराड

पिवळा काढा, निळा १५ चा टाका. शेजारचा उपटून इकडे लावू नका, तो दुसऱ्या कशाचा तरी आहे. स्पेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो, दोन जास्तीचे घेऊन ठेवा.

पिवळा बसवल्यानंतर पंप चालवला होता का? चालवला असेल तर सॉकेट सैल झालंय का, कडेचं प्लास्टिक पिवळं पडलंय का, वास येतो का ते बघा. यातलं काहीही असेल तर सॉकेट वापरू नका, इलेक्ट्रिशियनकडून मागचं कनेक्टर उघडून घ्या. पंप १५० चा, म्हणजे साडेबारा अँपिअर. सॉकेटचं टोपण १२० म्हणत असेल तर तो त्यावर नाही चालवायचा, फ्यूज टिकला तरी.

गोडोलीकर

एकदाच चालवला, एका टायरपुरता. प्लास्टिक ठीक दिसतंय, वासाचं मात्र सांगता येत नाही, तिथे दह्याचाच येतो. उद्या इलेक्ट्रिशियनकडे नेते.