आंबोलीला ४६ जणांची दिंडी नेऊन आपण नक्की काय बघतो?

डिचोली_एक्सप्रेस
गेल्या रविवारी पणजीच्या एका ग्रुपबरोबर आंबोलीला जाऊन आलो. पहाटे पाचला बस, ४६ डोकी, माणशी चौदाशे. त्यात चहा, उपमा, जेवण आणि 'तज्ज्ञ मार्गदर्शक'. तज्ज्ञ म्हणजे गळ्यात शिट्टी. कावळेसादला धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसेना. आता आंबोलीला जायचं ते यासाठीच ना? कठड्याशी गप्प उभं राहायचं, वारा दरीतून पाणी उलटं वर फेकतो ते तोंडावर घ्यायचं. दोन मिनिटं झाली नाहीत तर शिट्टी! "फोटो झाले का? चला, महादेवगड राहिलाय." मग हिरण्यकेशी, मग नांगरतास. मोबाइल म्हणतो चाललो साडेचार किलोमीटर. बाकी वेळ बस आणि शौचालयाची रांग.

माझं मत: डोंगरात दहाच्या वर माणसं नेऊच नयेत. त्यापुढे ती सहल. खुशाल काढा, पण तिला 'नेचर वॉक' म्हणून पैसे उकळू नका.

माशेलची_आत्या
तुम्हाला बोलायला सोपं आहे. बाइकला किक मारली की तुम्ही घाटात. मी ५७ वर्षांची, ह्यांचे गुडघे गेलेले, मुलगा बंगळूरला. मी कुणाबरोबर जाऊ? गेल्या वर्षी अशाच एका बसमधून गेले. पायमोज्यात जळू शिरली आणि मी रस्त्यातच किंचाळले. शेजारच्या अनोळखी बाईने कमरेची तपकिरीची डबी काढली, चिमूटभर टाकली, जळू गळून पडली. "आता हसा," म्हणाली. त्या बाईशी अजून फोनवर बोलणं असतं.

आणि दहाच जण नेले तर बसचं भाडं नि गाइडचे पैसे कितीत वाटले जातील? भागाकार करून बघा. चौदाशेत मी जाऊ शकते, चार हजारांत नाही.

कातळखूळ
तुम्ही दोघंही डोकी मोजताय. पाय कुठे पडतात ते बघा.

आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एक भेक राहतो, त्याला नावच आंबोली टोड. शास्त्रात त्याची नोंद २००९ ची, आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसात कातळावरच्या खळग्यांत पाणी साचतं, त्यात तो अंडी घालतो. मी एका जूनमध्ये पोटावर पालथा पडून पाहिलंय. ताटलीएवढं डबकं, पाणी बोटाच्या पेराइतकं, तळाशी काळ्या ठिपक्यांची अंडी. बाजूला नर, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, अंगावर वाघासारखे पट्टे. मी उठून चिखल झटकेपर्यंत फोटोवाल्यांचं एक टोळकं आलं आणि त्यातल्या एकाचा बूट बरोबर त्या डबक्यात. त्याला कळलंही नाही. त्याच्या लेखी ते पावसाचं पाणी.

ते टोळकं चौघांचं होतं, भाऊ. छेचाळीसचं नाही. जूनमध्ये सडा सोडून डांबरी रस्त्याने चालवणारा शिट्टीवाला मला चालेल. सड्यावर हिंडणारे चार हौशी नकोत.

डिचोली_एक्सप्रेस
डबक्याचं माहीत नव्हतं, मान्य. पण आमच्या शिट्टीवाल्यालाही माहीत नव्हतं! हिरण्यकेशीच्या कुंडात एकाने बिस्किटं चुरून टाकली, हा बघत उभा. तिथल्या एका छोट्या माशामुळे २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली, असं तिथला एक काका सांगत होता. आमच्या तज्ज्ञाला फक्त बसची वेळ ठाऊक.

निवृत्त_मास्तर
शिट्टीला इतकं हसू नका. २०१७ च्या पावसात याच कावळेसादला दोन तरुण कठडा ओलांडून दरीत गेले, दारूच्या नशेत. २०२३ च्या जुलैत आपल्याकडे गोव्यात, सांग्यात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यातले धबधबे बंद केले. त्याच महिन्यात दूधसागरला रुळांवरून निघालेल्या झुंबडीला रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. "मागे या रे" म्हणणारा एक जरी माणूस असता! शाळेच्या सहली पस्तीस वर्षं नेल्या मी. पोरं मोजणं हीसुद्धा विद्या आहे.

कातळखूळ
मास्तर, पोरं मोजा की. फक्त मोजणाऱ्याला डबकंही ओळखता यावं.

चौकुळचो_नातू
माझं आजोळ आंबोलीला लागून, चौकुळ. राहतो म्हापशात. एकच विचारतो: जेवण कुठचं होतं?

डिचोली_एक्सप्रेस
म्हापशाचं. मोठाल्या डब्यांतून आणलं होतं. पुलाव नि कुर्मा.

चौकुळचो_नातू
म्हणजे उपमा पणजीचा, पुलाव म्हापशाचा, शिट्टीही गोव्याची. गावाच्या वाट्याला काय आलं मरे? कागदी प्लेटा. वर रविवारी गोव्याच्या नंबरप्लेटची गाडी दिसली की लोक आधीच नाक मुरडतात, कारण घाटातल्या धबधब्यापाशी बाटल्या कुठून येतात ते सगळ्यांना माहीत. तुमचा ग्रुप पीत नसेल, पण गावाला तुमच्यात आणि त्यांच्यात फरक दिसणार कसा? गावातला एक पोरगा वाटाड्या घ्या. कुठला खळगा चुकवायचा ते त्याला शाळेत जाताना कळलंय. जेवण मामीकडे सांगा: नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वाफाळता भात. पण सेहेचाळीस पानं तिला झेपायची नाहीत. वीसपर्यंत ठीक.

निवृत्त_मास्तर
वीस जण बसमध्ये म्हणजे अर्धी बस रिकामी. भाडं कोण भरणार?

चौकुळचो_नातू
मास्तर, बस कशाला? टेम्पो ट्रॅव्हलर करा. आणि पॉइंट चारऐवजी दोन.

माशेलची_आत्या
ते चालेल मला. आमच्या भजनी मंडळातल्या बारा जणी आहोत, दोन पॉइंट पुरे. मामींना विचारून सांगा, श्रावण लागायच्या आत. तपकीर मी आणते.

डिचोली_एक्सप्रेस
बारा म्हणजे दोन जास्त होतात हं, आत्या.

माशेलची_आत्या
मग तुम्ही घरी थांबा, एक तरी कमी होईल.