जॉइंट : सांधा, सांध, जोड की दरज?

रावपुरेकर :
बडोद्यातल्या एका जुन्या मराठी संस्थेच्या इमारतीची दुरुस्ती निघाली आहे. कंत्राटाचा मसुदा इंग्रजीत आहे, विश्वस्तांना तो मराठीत हवाय. एकाच पानावर 'जॉइंट' पाचदा येतो. वीटकामातले जॉइंट खरवडून पुन्हा भरणे. नंतर बांधलेल्या जिन्यालगतचा एक्स्पान्शन जॉइंट मोकळा करणे. चौकटींचे सुटलेले जॉइंट घट्ट करणे. नळाचे सगळे जॉइंट दाबाखाली तपासणे. आणि शेवटी, मोजमापं 'जॉइंट' घेणे. कच्च्या मसुद्यात सगळीकडे 'सांधा' आहे. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांचा शेरा : 'सांधे माणसाला असतात, भिंतीला नव्हे.' पाचही ठिकाणी चालेल असा एक शब्द मिळेल का?

दांडियाबाजारवाली :
एक शब्द मिळणार नाही आणि मिळाला तरी घेऊ नका. विटांमधल्या जॉइंटला 'दरज' आहे की. दरजा भरणे हा गवंड्यांच्या तोंडचा शब्द आहे, कोशातून उकरून काढलेला नाही. पण कंत्राटात फक्त 'दरजा भरणे' लिहून थांबू नका. जुनं काम चुन्यातलं असेल तर दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल खरवडायची, म्हणजे १० मिलिमीटरच्या दरजेला २० मिलिमीटर. मग धूळ झाडून, पाणी मारून, चुन्याच्याच मसाल्याने भरायची. तिथे सिमेंट भरलं की दरज विटेपेक्षा कडक होते, भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडायची ती विटेतून पडायला लागते, आणि दोन-चार पावसाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटतात. दरज शाबूत, वीट गेली!

राजवाडा_इंदूर :
नव्या मापाची वीट १९० × ९० × ९० मिलिमीटर असते, पण हिशेबात २०० × १०० × १०० धरतात. मधले १० मिलिमीटर म्हणजे दरज. म्हणून दरज ही विटेइतकीच मोजण्याची वस्तू आहे, नुसती फट नव्हे. आणि गंमत बघा, भिंत 'बांधली' जावी म्हणून उभ्या दरजा एकावर एक येऊ द्यायच्या नसतात. त्याला आपल्याकडे 'सांधमोड' म्हणतात. इंग्रजीत त्यालाच 'बाँड'. तिकडे बांधणं, इकडे मोडणं, काम एकच.

रावपुरेकर :
म्हणजे भिंतीला सांधे असतात तर! सभासदांना कळवतो.

मकरपुरा :
असतात, पण त्या शेऱ्यात तथ्य आहे. 'सांधा' म्हटलं की दोन वस्तू सांधल्या गेल्या असं डोळ्यांपुढे येतं. इंग्रजी 'जॉइंट' फक्त दोन वस्तू जिथे भेटतात ती जागा सांगतो. त्या जागी त्या चिकटल्या आहेत, हलताहेत की मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, हे त्याच्या आधीचं विशेषण सांगतं. तुमचा एक्स्पान्शन जॉइंट हा न सांधण्याचा सांधा आहे. काँक्रीटची इमारत ४५ मीटरपेक्षा लांब असेल तर भारतीय मानक ४५६ असा जॉइंट द्यायला सांगतं. एवढ्या लांबीत तापमान २० अंशांनी बदललं तर साधारण ९ मिलिमीटर हालचाल होते. ती गिळायला जागा हवी. त्याला 'सांधा' म्हणाल तर गवंडी ती फट सिमेंटने भरून टाकेल, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी भेग पडेल.

दांडियाबाजारवाली :
मग 'सांध' म्हणा. सांधा पुल्लिंगी, तो जोडतो. सांध स्त्रीलिंगी, ती फट. 'विस्तार-सांध'. दोन घरांमधली सांद, सांदीकोपरा, सगळी त्याच घरातली मंडळी.

लष्करकर :
छान आहे, पण एका कान्याचा फरक कंत्राटात कोण वाचणार? टंकणाऱ्याने कान्यावर बोट ठेवलं की अर्थ उलटा. 'हालचालीसाठी ठेवलेली फट' असं सरळ लिहा आणि कंसात 'एक्स्पान्शन जॉइंट' देवनागरीत. शुद्धीच्या नादात भिंत जाईल.

दांडियाबाजारवाली :
शुद्धीचा नाद नाही हो, हा घरातला शब्द आहे. घरात असताना बाहेरून मागवायचा कशाला?

लष्करकर :
कारण काम करणारा माणूस बाहेरचा आहे. बडोद्यात तो गुजराती असेल, नाहीतर दाहोदकडचा. त्याला 'जॉइंट' कळतो, 'सांध' कळत नाही.

मकरपुरा :
भांडणात मुख्य गोष्ट निसटतेय. जुनी इमारत आणि नंतरचा जिना यांच्यामधला तो बहुधा एक्स्पान्शन जॉइंट नाहीच. दोघांचे पाये वेगळे, दोघं वेगवेगळ्या प्रमाणात खचणार, म्हणून ठेवलेला तो सेटलमेंट जॉइंट. एक्स्पान्शन जॉइंट पायाच्या वर थांबला तरी चालतो, सेटलमेंट जॉइंट पायातूनही आरपार जायला लागतो. तिथे 'विस्तार' हा शब्दच खोटा ठरेल. मोकळा केल्यावर भरायचं कसं तेही लिहा : आत दबणारा फोमचा दोर, वर सीलंट (फट बंद करणारं लवचिक भरण), सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी. सीलंट दोन्ही बाजूंना चिकटलं पाहिजे, तळाला चिकटता कामा नये. तळाला चिकटलं तर ते मोकळेपणी ताणलं जात नाही आणि मधून फाटतं. दोर त्यासाठीच असतो, सीलंटची बचत म्हणून नव्हे.

प्रतापनगर :
न सांधणाऱ्या सांध्यांचा विषय निघालाच आहे तर रेल्वेकडेही बघा. १३ मीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकाने ६ मिलिमीटर लांबतो, म्हणून फिशप्लेटच्या (दोन रुळांची टोकं धरणाऱ्या पट्टीच्या) जोडात फट. हे सगळ्यांना माहीत असतं. पण सिग्नलसाठी एक ग्लूड जॉइंट असतो. त्यात रूळ इपॉक्सीने आणि बोल्टांनी असे घट्ट बसवतात की तसूभर हलू नयेत, आणि तरी दोन टोकांमध्ये इन्सुलेशनचा तुकडा, बोल्टांना इन्सुलेशनच्या बुशा, कारण रुळातली सिग्नलची वीज पलीकडे जायला नको. गाडीच्या दृष्टीने जोड, विजेच्या दृष्टीने तोड. टोकांवर लोखंडाचा बारीक कीस साठून दोन्ही बाजू टेकल्या की सिग्नल लाल. याला एका शब्दात काय म्हणाल?

राजवाडा_इंदूर :
'जोडतोड'! राजकारणातून उसना घ्या.

प्रतापनगर :
त्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे. रुळावर 'जोड' म्हणतात, तेवढा बास. याउलट थर्मिट वेल्डिंगला दोन टोकांत २५ मिलिमीटर फट ठेवून ती वितळलेल्या पोलादाने भरतात. तोही जॉइंटच.

मकरपुरा :
वेल्डिंगचं निघालं म्हणून सांगतो. तिथे 'जॉइंट' आणि 'वेल्ड' दोन्हींना 'जोड' म्हणणं ही मराठी पुस्तिकांमधली सर्रास चूक आहे. जॉइंट म्हणजे पत्रे एकमेकांसमोर कसे मांडलेत ते : बट, लॅप, टी, कॉर्नर, एज, असे पाच प्रकार. वेल्ड म्हणजे त्या जागी वितळवून भरलेला धातू : फिलेट (कोपऱ्यात भरलेला) किंवा ग्रूव्ह (कडांमधल्या खाचेत भरलेला). टी जॉइंटला फिलेट वेल्डही चालतो, कडा तासली तर ग्रूव्ह वेल्डही चालतो. दोन्हींना एकच शब्द ठेवला की वेल्डर नकाशा चुकीचा वाचतो. मी 'मांडणी' आणि 'जोड' असा फरक करीन.

रावपुरेकर :
मंडळी, चौकट आणि नळ राहिले.

राजवाडा_इंदूर :
नळाला मराठी शब्द शोधू नका. सॉकेट, एल्बो, युनियन असं नाव घेऊन लिहा, कारण प्रत्येकाची तपासणी वेगळी. सोल्व्हंटने चिकटवलेला सीपीव्हीसीचा (प्लास्टिकच्या पाइपाचा) जॉइंट गळला तर तो कापूनच काढावा लागतो. वरून सोल्व्हंट फासून काही होत नाही, ते आतल्या बाजूला पोचतच नाही. युनियन मात्र पाइप न फिरवता उघडता यावा म्हणूनच बसवतात. तो गळला की प्लंबर नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळतात. निरुपयोगी आहे ते. युनियनमध्ये पाणी अडतं ते आतल्या दोन तोंडांच्या बैठकीवर किंवा वॉशरवर; नट फक्त दाबून धरतो. बैठक पुसा, वॉशर बदला. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाच्या निमुळत्या आट्यांना मात्र टेफ्लॉन किंवा सफेदा-धागा लागतोच.

दांडियाबाजारवाली :
चौकटीच्या लाकडाला 'कुसू'. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसतं. जाडी लाकडाच्या साधारण एक तृतीयांश. जास्त घेतली तर भोकाच्या भिंती पातळ होऊन चिरतात, कमी घेतली तर कुसूच मोडतं. सुटलेल्या जागी खिळा ठोकू देऊ नका. लाकूड ऋतूप्रमाणे आडव्या अंगाने आक्रसतं-फुगतं, खिळा जागचा हलत नाही, मग लाकूड त्याच्याभोवती फाटतं. कुसू बाहेर काढून जुना सरस खरवडायचा, टोकाला करवतीची चीर देऊन त्यात पाचर बसवायची, पुन्हा सरस लावून आवळायचं. कंत्राटात 'कुसू-पाचर करून' एवढं पुरेल.

राजवाडा_इंदूर :
इंदुरात 'कुसू' कोणी म्हणत नाही. इथे चूल-साल. चूल म्हणजे तुमचं कुसू, साल म्हणजे भोक.

दांडियाबाजारवाली :
ते हिंदी झालं. मराठीत चुलीवर भात शिजतो आणि साल केळ्याची निघते.

राजवाडा_इंदूर :
इंदूरच्या सुताराला कुसू सांगाल तर तो बोटातली काडी काढायला चिमटा आणेल. जो शब्द कामाच्या ठिकाणी चालतो तोच खरा.

लष्करकर :
चुली वेगळ्या झाल्या की जॉइंट फॅमिली संपते आणि सुताराची चूल सुटली की चौकट! असो. पण 'एकत्र कुटुंब' आणि 'अविभक्त कुटुंब' एकच नव्हेत. एकत्र म्हणजे एका छपराखाली, एका चुलीवर. अविभक्त म्हणजे मालमत्तेची वाटणी न झालेलं, मग भाऊ एक ग्वाल्हेरला आणि एक पुण्याला असले तरी. आयकरात दुसरं धरतात. बँकेतलं जॉइंट खातं तिसरंच. तिथे 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' हा पर्याय घेतला तर एका सहीवर पैसे निघतात, आणि 'संयुक्तपणे' घेतला तर प्रत्येक व्यवहाराला सगळ्यांच्या सह्या. एकजण गेला की कागदपत्रं पुरी होईपर्यंत सगळं अडतं.

रावपुरेकर :
मोजमापाला मग काय? संयुक्त, सह, सामाईक?

लष्करकर :
सामाईक नको, ती मालकी झाली, सामाईक भिंतीसारखी. 'संयुक्त'.

प्रतापनगर :
महाराष्ट्रात जॉइंट डायरेक्टर 'सहसंचालक', मध्य प्रदेशात 'संयुक्त संचालक'. ग्वाल्हेरच्या लष्करकरांना संयुक्त गोड लागणारच.

लष्करकर :
जमीन संपादनातली 'संयुक्त मोजणी' महाराष्ट्रातलीच आहे, ग्वाल्हेरची नाही. आणि 'सहमोजणी' ऐकून कोणाला काय कळणार? बडोद्यात बसून हे वाद घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली पर्याय शेजारीशेजारी मांडणारा कोश १९३१ साली छापवून घेतला. शेजारीशेजारी. एकाला खरा आणि बाकीच्यांना परके ठरवून नव्हे.

मकरपुरा :
शब्द कोणताही घ्या, कृती लिहा : झाकलं जाणारं काम झाकण्याआधी दोन्ही पक्षांच्या समक्ष मोजायचं आणि मोजमाप पुस्तकात त्याच दिवशी दोघांच्या सह्या. खरवडलेल्या दरजेची खोली नंतर कोणालाच मोजता येत नाही.

दांडियाबाजारवाली :
'जॉइंट' आणि 'जोड' एकाच मुळाचे असतील का? ध्वनी किती जवळचा!

प्रतापनगर :
ध्वनीवर जाऊ नका. 'जॉइंट' लॅटिनमधल्या जोडण्याच्या धातूवरून आला आणि त्याचं नातं संस्कृत 'युज्'शी आहे. म्हणजे त्याचे सख्खे चुलत भाऊ युक्त, योग, संयुक्त, आणि युगावरून आलेलं बैलांच्या मानेवरचं जू. सांधा-संधी 'सम्' आणि 'धा'वरून, तो वेगळा वंश.

लष्करकर :
घ्या! म्हणजे जॉइंटला 'संयुक्त' हाच घरचा शब्द.

राजवाडा_इंदूर :
मूळ एक म्हणून अर्थ एक होत नाही. नाहीतर नळाचे 'संयुक्त' तपासा म्हणावं लागेल. आणि आयटीआयच्या वायरमनचा 'मॅरीड जॉइंट' विसरलात. त्याला एका मराठी पुस्तिकेत 'विवाहित सांधा' केलंय.

दांडियाबाजारवाली :
'गुंफण सांधा' करा. अनेक तारांच्या केबलची टोकं फुलवून एकमेकांत गुंफतात, मग उलटसुलट दिशांनी वळसे देऊन झाळतात. शब्दात कृती दिसते.

मकरपुरा :
कृती दिसली, पण मर्यादा लपली. हा सांधा विजेला चांगला, ओढीला कच्चा. ताण येणार असेल तिथे एकसंध तारेचा वेस्टर्न युनियन किंवा ब्रिटानिया नावाचा सांधा करतात. 'गुंफण' ऐकून माणसाला तो मजबूत वाटेल आणि तो खांबावरच्या तारेला करेल.

लष्करकर :
आणि 'विवाहित' ऐकून?

मकरपुरा :
ताण आला की सुटतो, हे तरी लक्षात राहील.

दांडियाबाजारवाली :
आचरटपणा पुरे. 'गुंफण'च ठेवा, खाली टीप द्या : 'ओढ असलेल्या जागी वापरू नये.' आणि झाळताना तार हलवू नये हेही लिहा. गार होताना हलली की झाळलेला डाग चमकत नाही, मळकट-दाणेदार दिसतो. तो 'ड्राय जॉइंट'. त्याला 'कोरडा सांधा' म्हणायचं का?

राजवाडा_इंदूर :
'कच्चा डाग' म्हणा.

लष्करकर :
'डाग' म्हटल्यावर पुसायला घेतील.