रानकुत्र्यांसारख्या लोकांच्या चालीरीती कशा ठरवू?

शाईवाली: मी फँटसी कादंबरी लिहितेय, त्यात रोहाळ नावाचे लोक आहेत. दोन पायांवर चालतात, पण अंगाने कोळसुंद्यांसारखे, म्हणजे आपल्या रानकुत्र्यांसारखे, तांबूस केस आणि काळं झुबकेदार शेपूट. नकाशा झाला, लढाया झाल्या, पण बारसं, लग्न, पंगत लिहायला बसले की आपलंच गाव होतं, फक्त शेपट्या लावलेलं. काही सुचवा ना.

नागझिरा_भटक्या: आधी खरे कोळसुंदे कसे जगतात ते बघा, रीती तिथूनच निघतील. शिकार पडली की पिल्लं आधी खातात, मोठे थांबतात. बिळातल्या आईला आणि पिल्लांना टोळीतले बाकीचे पण पोटात मांस भरून आणतात आणि ओकून देतात, नुसता बापच नाही. म्हणजे रोहाळांच्या पंगतीत आजोबा, पाहुणे सगळे उभे आणि पोरं जेवतायत. आणि पाहुण्याला आपल्या पोटातलं काढून देणं हा सगळ्यात मोठा मान! वाचणाऱ्याला किळस येईल, येऊ दे, ते सौम्य करू नका प्लीज.

रानशीळ: +१. आणि शिट्टी विसरू नका, दाट जंगलात पांगले की ते शिट्टी मारून परत एकत्र येतात. मग प्रत्येक रोहाळाची स्वतःची शीळ असू दे, बारशाला तीच द्यायची. पंधरा-वीस किलोचं जनावर सांबर पाडतं ते टोळीच्या जोरावर, एकटं पडलं की संपलं, म्हणून त्यांच्यात फाशीबिशी नको, गुन्हेगाराच्या शिळेला कोणी उत्तर द्यायचं नाही एवढीच शिक्षा पुरे.

वऱ्हाडी_वाचक: सगळं गोडगोड करू नका पण. टोळीत बहुतेक वेळा एकाच मादीला पिल्लं होतात, बाकीच्या ती सांभाळतात. मग रोहाळांच्या बाकीच्या बायकांना काय वाटतं? तुमची खरी गोष्ट इथे आहे असं मला वाटतं, लढायांमध्ये नाही. अजून एक, इंग्रजांच्या काळात कोळसुंदे मारायला बक्षीस मिळायचं, संरक्षण आलं १९७२च्या कायद्याने. ज्यांच्या आजोबांच्या कातड्याला भाव होता ते लोक माणसांशी सौदा करताना कसे वागतील, हेही धरा.

शाईवाली: खूप खूप थँक्स सगळ्यांना! नायिकेची धाकटी बहीण आत्तापर्यंत नुसती मागे उभी होती, तिलाच मूल हवंय आणि परवानगी नाही, असं करते. पंगतीचा चॅप्टर आज रात्री परत लिहायला घेते, झाला की इथेच टाकीन.